मागची पडवी मोडकळीला आली आहे. तिथे कपडे धुण्याची खोली करायची तर नुसते पत्रे बदलावेत की स्लॅब टाकावा?

पत्र्यांचं नंतर बघू. पडवीची जमीन टाचेने ठोकून पाहिलीत का? कुठे पोकळ आवाज येतो का?

आमच्याही मागच्या पडवीचे पत्रे गळायचे, वाशांना वाळवी, कोपऱ्यात अडगळ. मशीन तिकडे हलवायचं ठरलं तेव्हा मी म्हटलं होतं, फरशी उखडून जमीन नव्याने करूया. मोठे दीर म्हणाले, "अगं, गळतंय वर आणि तू खाली काय खणतेस?" ते बोलले की आमच्याकडे विषय संपतो. नवे पत्रे आले, भिंतींना रंग लागला, खिडकीला जाळी बसली. सगळे खूश.

चौथ्या महिन्यात मशीन चालायला लागलं. म्हणजे अक्षरशः पायांनी. फ्रंट लोड मशीन साठ-सत्तर किलोचं, पिळताना ड्रम मिनिटाला हजाराच्या वर फेरे घेतो, आणि खालची जमीन एका कोपऱ्यात बसत चाललेली. दर धुण्याला ते बोटभर दाराकडे सरकायचं. मी पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली, मग जुन्या रबरी चपलेचा तुकडा. दिरांचं निदान: मशीनच खराब. दुरुस्तीवाल्याने वर पाणसळ ठेवली तर बुडबुडा पार कडेला जाऊन बसला. तरी मशीनच खराब!

एका दुपारी धाडकन आवाज आला. मशीनने पाण्याची नळी ओढून सोडवली होती, नळ चालू, आणि पाणी उंबरा ओलांडून घरात. फरशी उचलली तर खाली मातीच नाही. गळक्या पत्र्याचं पाणी वर्षानुवर्षं फरशीच्या फटीत मुरून भराव वाहून गेला होता. माझा हात कोपरापर्यंत आत गेला. तो तसाच चिखलाने भरलेला दिरांसमोर धरला. ते म्हणाले, "पण पत्रे बदलायलाच हवे होते ना?" हवेच होते. मी नाही कधी म्हटलं?

तर, जमीन. भराव धुमसाने नीट ठोकून घ्या, वर काँक्रीट, आणि नहाणी ट्रॅपकडे (जमिनीतल्या सांडपाण्याच्या जाळीकडे) मीटरला एक सेंटिमीटर तरी उतार. मशीनखाली मात्र उतार नको, तिथे सपाट, भरीव ओटा. सांडपाण्याची नळी खाली जाळीवर सोडून प्लंबर निघून जातो, जाऊ देऊ नका. तिचं तोंड साधारण ६० ते ९० सेंटिमीटर उंचीवर हवं, नाहीतर भरलेलं पाणी आपसूक ओढलं जातं आणि मशीन नुसतं भरतच बसतं. नळी सांडपाण्याच्या पाइपात बूच मारल्यासारखी घट्टही बसवू नका, हवेला वाट हवी. पाइप ५० मिलिमीटरचा घाला. (हे दिरांचं म्हणणं. मी ३२ चा पुरेल म्हणत होते. तेवढं त्यांचं बरोबर निघालं.)

विजेसाठी १६ अँपिअरचा सॉकेट, पक्कं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारं बटण. ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून मशीनला हात लावणार आहात, इथे पैसे वाचवू नका.

एक राहिलं. मशीन सरकण्याचं हे सगळं फ्रंट लोडचं झालं. टॉप लोड वजनाला हलकं असतं, त्याला इतका त्रास होत नाही. आणि तुमची जमीन ठोकल्यावर भरीव वाजत असेल तर माझं अर्धं उत्तर सोडून द्या.

हां, पत्रे की स्लॅब. चार इंची स्लॅब चौरस मीटरला अडीचशे किलोच्या आसपास भरतो. पडवीचे खांब आणि पाया सहसा तेवढ्या वजनासाठी बांधलेले नसतात, तेव्हा इंजिनिअरला दाखवल्याशिवाय नाव काढू नका. आम्ही पत्रेच ठेवलेत, दिरांनी आणलेले. अजून एक थेंब गळलेला नाही.