पहाटेच्या लोकलने घरी येणारा मुलगा

तुमचे प्रश्न: पडद्यामागची कामं
(उत्तरं देत आहेत मुंबईतल्या मैदानी संगीत कार्यक्रमांचे एक क्रू बॉस)

प्रश्न: माझा मुलगा २१ वर्षांचा आहे. बी. कॉम. झाला आणि आता मोठ्या गाण्यांच्या कार्यक्रमांत स्टेज उभारायला जातो. रात्री जातो, पहाटेच्या लोकलने येतो, हातावर ओरखडे असतात. ‘आई, पाच वर्षांत क्रू बॉस होईन,’ म्हणतो. क्रू बॉस म्हणजे हमालांचा मुकादमच ना? त्याला अडवू का?
– एक आई, डोंबिवली

ताई, मुकादम म्हणा, मला चालेल. माझे वडील गिरगावात मांडव घालायचे. सुंभाची प्रत्येक गाठ स्वतः ओढून बघितल्याशिवाय ते पोराला वाशावर चढू द्यायचे नाहीत. मी आधी नाटकांच्या बॅकस्टेजला होतो. दुपारी दादरला शिवाजी मंदिर, रात्री ठाण्याला गडकरी, मधला प्रवास टेम्पोत सेटच्या फळ्यांवर बसून. तिथून मैदानावर आलो त्याला आता बरीच वर्षं झाली.

काम काय, तर साउंडवाले, लाइटवाले, एलईडी पडदेवाले आणि रिगर, म्हणजे वजनं वर टांगणारे, यांच्यापैकी कुणाला कोणत्या तासाला किती हात लागतील याचा हिशेब ठेवायचा आणि ते हात पुरवायचे. शिवाय क्रम सांभाळायचा. ट्रस, म्हणजे लाइट टांगायची जाळीदार धातूची तुळई, छातीच्या उंचीवर असतानाच तिच्यावर लाइट टांगायचे, केबली बांधायच्या, प्रत्येक लाइटला सेफ्टी वायर घालायची. मग साखळीच्या मोटरने ती वर घ्यायची. एक सेफ्टी राहिली तर तेवढ्यासाठी ट्रस परत खाली, नाहीतर माणूस वर. म्हणून ‘मोटर वर’ म्हणण्याआधी मी टोकापासून टोकापर्यंत चालत जातो. निर्माता घड्याळ दाखवत असला तरी.

नव्या पोरांना मी बादलीवरून शिकवतो. पाण्याने भरलेली बादली, तिला दोन दोऱ्या, दोन पोरं. जवळ उभी असली की निम्मं निम्मं वजन. मग म्हणतो, लांब सरका. दोऱ्या जितक्या आडव्या होतात तितका हात भरून येतो. दोन दोऱ्यांमधला कोन १२० अंशांचा झाला की प्रत्येक दोरीवर अख्ख्या बादलीएवढा ताण येतो. बादलीच्या जागी एक टनाची ट्रस आणि दोरीच्या जागी स्लिंग, म्हणजे ती टांगायचा पट्टा, धरा. हे ज्याला हाताने कळलं, तो वर बघितल्यावर चुकीची स्लिंग ओळखतो.

वाऱ्याचंही तसंच. बीकेसीच्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या, मैदानावर पाऊस तोंडावर आला की संध्याकाळी वारा फिरतो. एलईडीची भिंत तेव्हा शिडासारखी होते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. काय खाली घ्यायचं ते स्ट्रक्चरचा इंजिनिअर ठरवतो, पण खालून पोरं हलवायला मी त्याची वाट बघत नाही.

खरी भीती मात्र कार्यक्रम संपल्यावर असते. उघड्यावर रात्री १० ला आवाज बंद करावा लागतो. सरकार १२ पर्यंत सवलत देतं, पण ती वर्षातल्या मोजक्या दिवसांचीच. लोक घरी जातात आणि आमचं उतरवणं सुरू होतं. दोन दिवस लावून चढवलेलं सगळं पहाटेपर्यंत ट्रकमध्ये जायला हवं असतं. पोरं थकलेली असतात, उजेड कमी असतो, ट्रकवाला हॉर्न देत असतो. अशाच एका रात्री केबलने भरलेली पेटी रॅम्पवरून उतरवायची होती. तिला चार माणसं हवी होती, दोघंच होती. मी बघितलं आणि ‘चला, चला’ म्हणालो. पेटी सुटली, पुढच्या पोराच्या पायावरून गेली. दोन बोटं मोडली. तो बरा झाला, आजही काम करतो. पण तो ‘चला, चला’ माझा होता. तेव्हापासून रात्री २ ला मी सगळं काम पंधरा मिनिटं थांबवतो. चहा, बिस्किट, डोकी मोजणं. यावरून माझी भांडणं झाली आहेत, कामंही गेली आहेत. ती पंधरा मिनिटं मी सोडलेली नाहीत.

म्हणून ताई, मुलाला अडवू नका, त्याला विचारा. तुझा बॉस डोकी मोजतो का? हेल्मेट आणि हातमोजे देतो का? उंचीवर चढवण्याआधी हार्नेस घालायला शिकवलं का? लागलं तर कुठल्या हॉस्पिटलात न्यायचं हे ठरलेलं आहे का? उत्तरं गुळमुळीत आली तर त्याला दुसरा बॉस शोधायला सांगा, दुसरा धंदा नव्हे. आणि एक काम तुम्ही स्वतः करा. त्याच्या बँकेत पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा फॉर्म भरून घ्या. वर्षाला २० रुपये खात्यातून जातात. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाखांचं संरक्षण मिळतं. रक्कम मोठी नाही, पण आमच्या कितीतरी पोरांकडे तेवढंही नसतं.

प्रश्न: स्टेजच्या मागून कार्यक्रम फुकट बघायला मिळतो का?
– एक वाचक, परळ

नाही. मागे फक्त बासची धडधड येते, शब्द पुढे जातात. आणि कार्यक्रम चालू असताना माझे डोळे मोटरच्या साखळ्यांवर असतात.

प्रश्न: मी २३ वर्षांची आहे. कॉलेजच्या एकांकिकांना लाइट केले आहेत. या कामात मुलींना घेतात का?
– एक वाचक, विरार

घेतात, पण कमी. लाइट आणि स्टेज मॅनेजमेंटला जास्त, उचलण्याच्या कामाला अजून फारच कमी. ताकदीचं कारण मला पटत नाही. मोठ्या साउंडचा एकेक डबा शंभर किलोच्या घरात असतो, तो एकटा पुरुषही उचलत नाही, चाकं आणि मोटर उचलतात. खरी अडचण वेगळीच आहे. मैदानावर मुलींसाठी बंद होणारं, दिवा असलेलं स्वच्छतागृह नसतं आणि पहाटे ३ ला घरी कसं जायचं याची सोय कुणी करत नाही. काम घेतानाच या दोन गोष्टी विचार. संकोच करू नकोस, चांगला बॉस चिडणार नाही. लाइटच्या टीममधून सुरुवात कर. पहिल्या दिवशी पुढे पोलादी टोपी असलेले बूट आणि चामड्याचे हातमोजे आण, केस घट्ट बांध, आणि शो संपल्यावर उतरवायला थांब. कोण कसं काम करतं ते तिथे दिसतं.