प्रश्नोत्तरे : एकसष्टच्या निमित्ताने

६१ या संख्येबद्दल तेच तेच प्रश्न पुन्हा येतात. निम्मे घरातल्या एकसष्टीमुळे, निम्मे पाटणादेवीची (चाळीसगावजवळच्या पाटणची, जिथे गणिती भास्कराचार्यांचं नाव निघतं) सहल करून आलेल्या मुलांचे. म्हणून उत्तरं एकत्रच देतो.

६१ मूळ संख्या आहे हे कसं ठरवायचं? (पालक, जळगाव)

२, ३, ५, ७ ने भाग जात नाही आणि ८ चा वर्ग ६४, म्हणजे पुढे बघायलाच नको.

मोबाईल नंबरच्या शेवटी ६१ आहे. ६ + १ = ७ शुभ म्हणून दुकानदार जास्त पैसे मागतो. (धुळे)

देऊ नका. ही बेरीज आपण दहाच्या पटीत लिहितो म्हणून ७ येते. आठच्या पटीत तीच संख्या ७५ अशी लिहितात, बेरीज १२. लिहिण्याची पद्धत बदलली की पळून जाणारं शुभ विकत कशाला घ्यायचं?

भास्कराचार्य पाटणचेच ना? (पाचोरा)

आपलं गाव त्यांनी विज्जडविड असं सांगितलं आहे. ते नेमकं कुठलं यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पाटणच्या शिलालेखातून पक्कं कळतं ते नातू चांगदेवाच्या मठाचं, जिथे आजोबांचे ग्रंथ शिकवले जात. पुढचं इतिहासाच्या प्राध्यापकांना विचारा.

भास्कराचार्यांचं कोडं : क्ष² − ६१य² = १, क्ष आणि य पूर्ण संख्या हव्यात. मला २९७१८ आणि ३८०५ मिळाले, फरक १ येतो. सर चूक म्हणतात. (दहावी, चाळीसगाव)

सर बरोबर आहेत. तुझा फरक उणे १ आहे : २९७१८ चा वर्ग ८८,३१,५९,५२४ आणि ६१ गुणिले ३८०५ चा वर्ग ८८,३१,५९,५२५. कॅल्क्युलेटरवर नुसतं ‘१’ बघून वही मिटू नये, हे मी प्रत्येक वर्गात सांगत आलो आहे. चिन्ह बघायचं. आकडे मोठे झाले की यंत्र शेवटचे अंक गाळतं आणि चुकीचं उत्तरही बरोबर दिसतं.

६१ चे शेजारी बघ. ६० साठी ३१ आणि ४ पुरतात, ६२ साठी ६३ आणि ८. मधल्या ६१ ला मात्र सर्वांत लहान उत्तर आहे १,७६,६३,१९,०४९ आणि २२,६१,५३,९८०. १६५७ मध्ये फ्रेंच गणिती फर्मानेही हीच संख्या आव्हान म्हणून पुढे केली होती. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथात हे उत्तर त्याच्या पाच शतकं आधीचं आहे. म्हणून फर्माने ते चोरलं, हे मात्र फॉरवर्ड करू नकोस. तसा पुरावा नाही. आणि असं कोडं टप्प्याटप्प्याने सोडवायची चक्रवाल पद्धत भास्कराचार्यांच्याही आधी जयदेव या गणितीला माहीत होती.

ही पद्धत कागदावर कर. ८ चा वर्ग ६१ पेक्षा ३ ने जास्त. आता अशी संख्या घे की ती ८ मध्ये मिळवल्यावर ३ ने भाग जाईल आणि तिचा वर्ग ६१ च्या जवळ राहील : ७. (८ × ७ + ६१) ÷ ३ = ३९, (८ + ७) ÷ ३ = ५. पडताळा : ३९² − ६१ × ५² = १५२१ − १५२५ = −४. उणे ४ आलं की ब्रह्मगुप्ताच्या ‘भावना’ने (दोन उत्तरं जोडून नवं उत्तर काढायच्या रीतीने) थेट उत्तर गाठता येतं. तुझी मेहनतही वाया गेलेली नाही : २९७१८ च्या वर्गाची दुप्पट अधिक १ केलं की मोठी संख्या, आणि २ × २९७१८ × ३८०५ केलं की लहान. हे का जमतं ते सरांसमोर बसून सोडव, आणि परीक्षा झाल्यावर बघू म्हणू नकोस.

१ भागिले ६१ संपतच नाही! (अमळनेर)

संपणार नाही. ६० अंकांनंतर तेच अंक पुन्हा सुरू होतात, आणि त्या ६० मध्ये ० ते ९ हा प्रत्येक अंक सहा वेळा येतो. भागाकार हाताने करा, मग पहिले ३० अंक आणि पुढचे ३० अंक एकाखाली एक मांडून बेरीज करा. सगळीकडे ९ आले नाहीत, तर वही शिक्षकांना दाखवा.