फी विचारली होती गं त्याने

पत्र असं आहे:

"ताई, मी एसवायबीकॉमला आहे, चेंबूरला राहते. एनएसएसमधून आमचा आठ जणांचा ग्रुप दर रविवारी मानखुर्दला लल्लूभाई कंपाउंडमध्ये नववी-दहावीच्या मुलांचं मेंटॉरिंग करायला जातो. माझ्याकडे दहावीतला एक मुलगा आहे, गणितात एकदम शार्प. दिवाळीपर्यंत सगळं मस्त चाललं होतं, वेळेवर यायचा, जोक मारायचा, मध्ये एकदा आयटीआयची फी किती असते विचारत होता, मी म्हणलं आयटीआय काय रे, सायन्स घे, इंजिनीअर हो, जरा मोठा विचार कर. दिवाळीनंतर यायचाच बंद झाला. मी चार मजले चढून घरी गेले तर त्याच्या आईने दार अर्धंच उघडलं आणि म्हणाली, त्याच्या डोक्यात काही भरवू नका. मला खूप लागलं. मी स्वतःच्या पॉकेटमनीतून त्याला गाईड घेऊन दिलंय, सबमिशन बाजूला ठेवून रविवार घालवलेत. आता तो नाक्यावर पोरांबरोबर दिसतो आणि मला बघून तोंड फिरवतो. एनएसएसच्या वर्षाच्या 120 तासांपैकी माझे 14 राहिलेत, सर म्हणतात दुसरा मुलगा घे. पण मला तोच परत यायला हवाय. त्याच्या आईला कसं समजावू?"

अगं, आईला राहू दे. नाक्यावरची पोरं, गाईड, तुझी सबमिशन, तेही सगळं राहू दे. पत्रात तू एक वाक्य असं टाकलंयस की जणू चहा सांडला, पुसला, पुढे गेलो. आयटीआयची फी किती असते विचारत होता. मी ते वाक्य वाचलं आणि पुढचं पत्र मला नीट वाचताच येईना.

दहावीतला पोरगा आयटीआयमध्ये काय शिकवतात हे नाही विचारत, किती मार्क लागतात हेही नाही, डायरेक्ट फी विचारतो. म्हणजे काय झालंय कळतंय का तुला? घरी बोलणं झालंय. 225 चौरस फुटाच्या खोलीत रात्री जेवणं झाल्यावर बोटांवर हिशेब झालाय, बाबा किती आणतात, आई किती आणते, धाकट्याचं काय, आणि मग कुणीतरी म्हणालंय की तुझ्या त्या कॉलेजवाल्या ताईला विचार, तिला माहीत असेल. तो ते घेऊन तुझ्याकडे आला. दोन वर्षांत एवढा मोठा प्रश्न तुला दुसऱ्या कुणी विचारला नसेल. आणि तू त्याला काय दिलंस, तर पोस्टरवरचं वाक्य. मोठा विचार कर!

तो मोठाच विचार करत होता गं. तुला तो दिसला नाही कारण तुझ्या घरात आयटीआय हा शब्द फक्त एसी दुरुस्त करायला आलेल्या माणसाबद्दल वापरतात. राग आला तर येऊ दे, माझ्याही घरात तसंच होतं.

आता घरी जाऊन त्याने काय सांगितलं असेल? ताई म्हणते आयटीआय नको, इंजिनीअर हो. म्हणजे अकरावी-बारावी सायन्स, सीईटीचा क्लास, मग चार वर्षं. ज्या आईने रात्री बसून आकडा जुळवला तिच्या ताटात तू हे वाढलंस, आणि वर तिनेच दार अर्धं का उघडलं म्हणून रुसलीस! मी असते तर कडीच लावली असती.

आणि आयटीआय म्हणजे रस्ता संपला असं तुला कुणी सांगितलं? दहावीनंतर दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन किंवा फिटरचा ट्रेड केला की पॉलिटेक्निकला डिप्लोमाच्या डायरेक्ट दुसऱ्या वर्षाला ॲडमिशन मिळू शकते, आणि डिप्लोमा झाला की इंजिनीअरिंगच्या डायरेक्ट दुसऱ्या वर्षाला. म्हणजे तुझा तो इंजिनीअर या रस्त्यानेही होतो, फक्त मधल्या काळात त्याच्या हातात कमवायची सोय असते. माझगाव डॉक, रेल्वेचे वर्कशॉप, सगळीकडे अप्रेंटिस घेतात आणि 1961 च्या अप्रेंटिस कायद्यामुळे त्यांना दर महिन्याला स्टायपेंड द्यावा लागतो. गणितात शार्प असलेला मुलगा फिटरच्या वर्कशॉपमध्ये वाया जात नाही, मायक्रोमीटर, म्हणजे बारीक जाडी मोजायचं ते अवजार, हातात घेऊन बघ एकदा. हे सगळं तुला माहीत नव्हतं, ठीक आहे, एकोणिसाव्या वर्षी कुणाला असतं. पण माहीत नाही म्हणायच्या ऐवजी तू त्याचा प्रश्नच छोटा करून टाकलास, राग आलाय तो मला त्याचा.

आणि परत आणायचंय, परत आणायचंय काय लावलंयस? तो काय हरवलेली छत्री आहे का. एनएसएसचं ब्रीदवाक्य काय, नॉट मी बट यू. तुझ्या पत्रात मी, मला, माझं किती वेळा आलंय ते पेन्सिल घेऊन मोज, मी मोजलंय, सांगत नाही.

तर एकच काम कर. या आठवड्यात एक लेक्चर बुडव आणि चेंबूरहून हार्बरने कुर्ला, तिथून गाडी बदलून मुलुंड, तिथल्या सरकारी आयटीआयमध्ये स्वतः जा. गुगल करू नकोस, जा. खिडकीवर रांगेत उभी राहा आणि त्याचा प्रश्न त्याच्याच शब्दांत विचार, फी किती असते. मुद्दाम मी इथे आकडा लिहीत नाहीये, तो तू आणायचाय. कोणत्या ट्रेडला काय, कुणाला सवलत, कोणते दाखले लागतात, त्यातले सेतूतून किती आधी काढून ठेवायला हवेत (दहावीच्या रिझल्टनंतर तिथे काय गर्दी उसळते ते बघितलंयस का कधी), सगळं एका कागदावर मराठीत लिही, सुवाच्य.

मग रविवारी चार मजले चढ. दार अर्धं उघडलं तर अर्ध्या दारातूनच बोल, आणि त्याच्याशी नाही, आधी आईशी. काकू, त्याने मला दिवाळीआधी एक विचारलं होतं, मी नीट सांगितलं नाही, चुकलं माझं, आज विचारून आलेय, असं म्हण आणि कागद दे. क्लासला ये म्हणू नकोस. सायन्सचं नाव काढू नकोस. चहा विचारला तर पी, नाही विचारला तर उतर खाली. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आहे, आला तर गणित घे त्याचं, नाही आला तरी तो पास होणार आहे, तूच म्हणतेस शार्प आहे.

आणि हो, मुलुंडचे ते तास एनएसएसच्या डायरीत लिहू नकोस.