दोन किलो भेंडी वाढली ती टॉनिकने की वाफ्याने?

प्रश्न (गोराई): नमस्कार मॅडम. उन्हाळी भेंडीचे पाव-पाव गुंठ्याचे आठ वाफे आहेत. त्यातल्या चारांवर दुकानातून आणलेलं टॉनिक फवारलं. महिन्याभराच्या तोड्यांत फवारलेल्या वाफ्यांना १४, १६, १३ आणि १७ किलो माल निघाला, बाकीच्यांना १२, १५, ११ आणि १४. सरासरी १५ आणि १३. वाफ्यामागे दोन किलो जास्त. पुढच्या खेपेला सगळ्या दहा गुंठ्यांवर मारू का? सोबत शेताचा फोटो पाठवतोय.

उत्तर: दादा, प्रत्येक वाफ्याचं वजन तुम्ही वेगळं लिहून ठेवलंत, याचा मला फार आनंद झाला. बहुतेकांकडून ‘चांगला फरक पडला’ एवढंच ऐकायला मिळतं, आणि त्यावरून सल्ला देता येत नाही. तुमच्या आकड्यांवरून देता येतो: दहा गुंठ्यांसाठी टॉनिक आत्ता घेऊ नका.

का ते बघा. टॉनिकचा थेंबही न पडलेल्या चार वाफ्यांत एकाला ११ किलो आणि दुसऱ्याला १५. चार किलोंचं अंतर आहे. ते माती, पाणी, सावली आणि उगवण यांनी पाडलं. मग फवारलेल्या आणि न फवारलेल्या वाफ्यांत जो दोन किलोंचा फरक आहे, तोही असाच पडला नसेल कशावरून?

संशोधक याचं उत्तर उलट्या टोकाकडून शोधतात. आधी धरून चालतात की टॉनिकने काहीच होत नाही. याला शून्य गृहीतक म्हणतात. मग विचारतात, हे खरं असेल तर एवढा फरक नुसत्या योगायोगाने किती वेळा दिसेल? तुम्ही हे घरी करू शकता. आठ चिठ्ठ्यांवर तुमची आठ वजनं लिहा, डब्यात हलवा, न बघता चार काढा आणि बेरीज करा. फवारलेल्या वाफ्यांची बेरीज ६० आहे. आठांतून चार निवडण्याचे ७० प्रकार होतात. मी सगळे कागदावर मांडून बघितले. त्यातल्या ८ प्रकारांत बेरीज ६० किंवा जास्त येते. म्हणजे शेकडा ११. पंपात नुसतं पाणी भरून फवारलं असतं, तरी साधारण नऊ वेळांतून एकदा तुम्हाला असाच किंवा याहून मोठा फरक दिसला असता.

शेतीच्या प्रयोगात शंभरात पाच ही रेघ मानतात. योगायोगाची शक्यता त्याखाली गेली तर फरक ‘सार्थक’. ही पद्धत शेतातच वाढली. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात १८४३ पासून पिकांचे प्रयोग चालू होते. तिथे १९१९ साली संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर रुजू झाले आणि त्यांच्या लिखाणातून पाच टक्क्यांची रेघ रुळली. आपल्याकडे कृषी पदवीच्या मुलांना हे गणित शिकवलं ते पानसे आणि सुखात्मे या संख्याशास्त्रज्ञांच्या पुस्तकाने. त्यातले सुखात्मे आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. पण ही रेघ माणसांनी आखलेली आहे. ४.९ आणि ५.१ यांत जमीन-अस्मानाचा फरक नसतो.

कृषी विद्यापीठाच्या प्रयोगांच्या तक्त्याखाली ‘सीडी ५ टक्के’ असा आकडा असतो, तो म्हणजे क्रांतिक फरक. दोन सरासऱ्यांतलं अंतर त्याहून मोठं असेल तरच त्यावर भरवसा ठेवायचा. तुमच्या वजनांवरून मी तो काढला, ३.१६ किलो येतो. तुमचा फरक दोनाचा.

आता फोटोबद्दल, कारण मला खरी काळजी तिथे वाटते. फवारलेले चारही वाफे विहिरीकडचे आहेत आणि न फवारलेले चारही खाडीकडचे. त्या बाजूच्या वरंब्यांवर पांढरा थर स्पष्ट दिसतोय. तो खार आहे, आणि भेंडीला खार सोसत नाही. म्हणजे तुम्ही टॉनिकची तुलना खारट जमिनीशी केलीत. इथे फरक सहा किलोंचा असता, गणितात सार्थक ठरला असता, तरी तो टॉनिकचा म्हणता आला नसता. असं का झालं तेही कळतं. पंप विहिरीपाशी भरतो, हात तिथूनच चालायला लागतो.

म्हणून पुढच्या वेळी वाफे तुम्ही निवडू नका, नाण्याला निवडू द्या. विहिरीकडून खाडीकडे जाताना शेजारशेजारच्या दोन वाफ्यांची एक जोडी करा. प्रत्येक जोडीला नाणं उडवा. छापा आला तर डावीकडच्यावर टॉनिक, काटा आला तर उजवीकडच्यावर. दुसऱ्यावर त्याच दिवशी, तेवढंच, साधं पाणी. ते टाळू नका, नाहीतर पाण्याचा गुण टॉनिकच्या नावावर जाईल. आणि वजन करणाऱ्याला कुठला वाफा कसला आहे ते सांगू नका.

जोड्या किती? चार पुरणार नाहीत. टॉनिक निरुपयोगी असलं तरी चारही जोड्यांत फवारलेला वाफा वरचढ ठरण्याची शक्यता सोळात एक, म्हणजे सव्वासहा टक्के. नुसती हारजीत मोजली तर चार जोड्यांत पाचाची रेघ गाठताच येत नाही. सहा जोड्यांत सहाही जिंकाव्या लागतात. आठ जोड्या घेतल्या तर एखादी हरली तरी चालतं, कारण आठांत सात किंवा जास्त जिंकण्याचा योग २५६ मध्ये ९, म्हणजे साडेतीन टक्के. सोळा वाफे, चार गुंठे. तुमच्या जागेत बसतं.

यावरून टॉनिक निकामी आहे असं मात्र समजू नका. ‘फरक सिद्ध झाला नाही’ आणि ‘फरक नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इतक्या थोड्या वाफ्यांत खरा गुणसुद्धा लपून राहतो.

प्रश्न (आरे, गोरेगाव): भाजीवरच्या औषधाच्या पत्रकात ‘उत्पादनात सार्थक वाढ’ छापलंय. मग घ्यायला हरकत नाही ना?

उत्तर: ताई, सार्थक म्हणजे मोठी वाढ नव्हे. वाढ योगायोगाची वाटत नाही, एवढाच त्याचा अर्थ. शेकडो वाफ्यांवर प्रयोग केला तर वाफ्यामागे शंभर ग्रॅमची वाढही सार्थक ठरू शकते, आणि तेवढ्यातून बाटलीचे पैसे निघतीलच असं नाही. तेव्हा किती किलो वाढ झाली ते विचारा आणि भावाने गुणून बघा. दुसरं, असे किती प्रयोग केले तेही विचारा. काहीच गुण नसलेली वीस औषधं तपासली, तर पाच टक्क्यांच्या रेघेवर त्यातलं निदान एक तरी सार्थक दिसण्याची शक्यता ६४ टक्के असते. पत्रकावर ते एकच छापलं जातं.

गोराईच्या दादांना एक निरोप. उरलेली बाटली घट्ट बंद करून सावलीत ठेवा. जोड्या आखून झाल्या की फोन करा. नाणं उडवायला आणि पहिल्या तोड्याच्या वजनाला मी स्वतः काटा घेऊन येते.