“बजेट नाही” असं शाळा म्हणाली तर

“मुलाला शाळेत मदतनीस हवाय, पण शाळा म्हणते बजेट नाही. मग आम्ही मागायचं तरी कसं?” न्यू जर्सीतल्या मराठी पालकांकडून हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो, तो बहुतेकांना बोलून दाखवायला जड जातं: आपल्या मुलामुळे सगळ्यांवर भार पडतोय का?

अशाच एका कुटुंबाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. मुलगा पहिलीत, सरकारी शाळेत. ऑटिझमचं निदान तिसऱ्या वर्षीच झालेलं, त्यामुळे त्याचा आयईपी, म्हणजे त्याच्यापुरता आखलेला शिक्षणाचा लेखी आराखडा, आधीपासून होता. वर्गात तो बरा रमायचा, गणितात तर पुढेच होता. अडचण व्हायची जेवणाच्या सुट्टीत. कॅफेटेरियात दीडदोनशे मुलांचा गलका सुरू झाला की तो कानांवर हात दाबून धरायचा आणि गाड्यांच्या पार्किंगकडे उघडणाऱ्या दाराकडे पळायचा. एकदा तर दार ढकलून बाहेर पोचला होता. आईवडिलांनी मीटिंगमध्ये जेवणाच्या आणि खेळाच्या सुट्टीसाठी ‘पॅरा’, म्हणजे सोबत राहणारा मदतनीस मागितला. केस मॅनेजर, म्हणजे मुलाच्या आयईपीचं काम बघणाऱ्या शाळेतल्या बाई, गोड शब्दांत म्हणाल्या, “यंदा मंजुरी नाही, पुढच्या वर्षी बघू.” आई ‘थँक यू’ म्हणून घरी आली आणि रात्रभर जागी राहिली.

माझ्याशी बोलताना वडील आधी बराच वेळ गप्पच होते. मग म्हणाले, “ताई, आम्ही एच-वन-बी व्हिसावर. ग्रीन कार्डच्या रांगेत. स्वतःचं घर नाही, प्रॉपर्टी टॅक्सही भरत नाही. शेजारी टॅक्स वाढला म्हणून कुरकुरतात, त्यात आपण आणखी हात पसरायचे?”

त्यांना मी पहिल्यांदा व्हिसाचं सांगितलं, कारण मनातला काटा तिथे होता. विशेष शिक्षणाच्या केंद्रीय कायद्यात मुलाच्या व्हिसाची अट नाही. मूल त्या डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या हद्दीत, राहतं आणि त्याला गरज आहे, एवढं पुरतं. राहिला टॅक्स. भाड्याच्या घरात राहणारा टॅक्स भरत नाही हा गैरसमज आहे. घरमालक तो भाड्यातूनच वसूल करतो. आणि समजा नसता भरला, तरी मुलाचा हक्क टॅक्सच्या पावतीवर अवलंबून नाही.

मग ‘बजेट नाही’ या वाक्याकडे वळलो. या वाक्याला अमेरिकेत पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी उत्तर मिळालेलं आहे. वॉशिंग्टन डीसीमध्ये अपंग मुलांना शाळेबाहेर ठेवलं जायचं, त्यावर मिल्स नावाचा खटला झाला. शाळा मंडळाने पैसे नसल्याचं कारण पुढे केलं. १९७२ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की पैसा कमी असेल तर तो सगळ्यांना न्याय्य रीतीने वाटा. तुटीचा फटका अपंग मुलांना इतरांपेक्षा जास्त बसता कामा नये. १९७५ मध्ये केंद्रीय कायदा आला. त्यालाच १९९० पासून सगळे ‘आयडिया’ म्हणतात. तीन ते एकवीस वयाच्या प्रत्येक पात्र मुलाला मोफत आणि योग्य सरकारी शिक्षण, हा त्याचा गाभा. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आयोवातल्या गॅरेट नावाच्या मुलाचा खटला गेला. चौथ्या वर्षी अपघातात त्याचं शरीर मानेखाली लुळं पडलं होतं, श्वास व्हेंटिलेटरवर. शाळेत दिवसभर जवळ नर्स हवी होती आणि शाळा म्हणत होती, हे परवडत नाही. निकाल गॅरेटच्या बाजूने लागला, सात विरुद्ध दोन मतांनी. हे ऐकल्यावर वडिलांनी मान वर केली. “म्हणजे आमचं मागणं काहीच नाही,” ते म्हणाले. तुलना करू नका, असं मी म्हणाले. दारातून पळणाऱ्या मुलाची गरजही खरीच आहे.

पण शाळा खोटं बोलत होती का? तसंही नाही, आणि हे पालकांनी समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. पैसा तीन ठिकाणांहून येतो: केंद्र, राज्य आणि गावाचा प्रॉपर्टी टॅक्स. कायदा करताना केंद्राने ठरवलं होतं, की देशात एका विद्यार्थ्यावर सरासरी जेवढा खर्च होतो त्याच्या ४० टक्क्यांपर्यंतचा वाटा दर अपंग मुलामागे आपण उचलू. तो वाटा पूर्ण कधीच मिळाला नाही. अलीकडच्या वर्षांत तो १५ टक्क्यांच्या आतच राहिलाय. देशभरात विशेष शिक्षण घेणारी मुलं ७५ लाखांहून जास्त, म्हणजे सरकारी शाळांतल्या दर शंभरात साधारण पंधरा. उरलेला भार राज्य आणि गाव उचलतं, आणि न्यू जर्सीत गावाने शाळेसाठीचा टॅक्स वर्षाला साधारण २ टक्क्यांहून जास्त वाढवायचा नाही असा कायदा आहे. पगार वाढतात, इन्शुरन्सचे हप्ते वाढतात, बसचा खर्च वाढतो. मग मंजुरी देणारा माणूस हात आखडता घेतो. केस मॅनेजर बाईंना वरून तसंच सांगितलेलं असणार. त्यांच्यावर राग धरण्यात काही अर्थ नव्हता.

एक शंका वडिलांनी दबक्या आवाजात विचारली: शाळा मुलांवर अपंगत्वाचा शिक्का मारते ती पैसे मिळावेत म्हणून, असं ऑफिसात कोणीतरी म्हणालं होतं. केंद्राच्या पैशाबाबत तरी यात तथ्य नाही. १९९७ च्या दुरुस्तीनंतर केंद्राचा वाढीव निधी वाटताना ८५ टक्के भाग मुलांच्या एकूण लोकसंख्येवर आणि १५ टक्के गरिबीत राहणाऱ्या मुलांच्या संख्येवर ठरतो. आयईपीवाली मुलं वाढवली म्हणून तो वाढत नाही. न्यू जर्सीनेही २००८ च्या कायद्यानंतर बरीच वर्षं विशेष शिक्षणाच्या मुलांचं राज्यातलं सरासरी प्रमाण धरूनच पैसे वाटले. म्हणजे एखाद्या डिस्ट्रिक्टमध्ये गरजू मुलं सरासरीहून जास्त असली, तर वरचा खर्च त्यालाच सोसावा लागायचा.

मात्र फार मोठ्या खर्चासाठी सोय आहे. न्यू जर्सीत सरकारी शाळेतल्या एका मुलाच्या थेट शिक्षणाचा आणि सेवांचा खर्च ४०,००० डॉलरच्या वर गेला, तर डिस्ट्रिक्ट राज्याकडे जादा मदत मागू शकतं. खाजगी विशेष शाळेसाठी हीच मर्यादा ५५,००० डॉलर. शिवाय विशेष शिक्षणावर गेल्या वर्षी जेवढा खर्च केला, त्याहून कमी यंदा करायचा नाही असं बंधन केंद्राचा पैसा घेणाऱ्या प्रत्येक डिस्ट्रिक्टवर असतं. एखादं फार खर्चाचं मूल दुसरीकडे राहायला गेलं, अशी मोजकीच कारणं त्याला अपवाद आहेत.

एवढं सगळं ऐकून आई म्हणाली, “मग मी मीटिंगमध्ये हे सगळं बोलू का?” मी म्हटलं, यातलं एक अक्षरही बोलू नका. पैशाची जुळवाजुळव हे डिस्ट्रिक्टचं काम. तुम्ही बोलायचं ते फक्त मुलाच्या गरजेबद्दल. हे तुम्हाला सांगितलं ते एवढ्यासाठीच, की समोरून ‘बजेट’ हा शब्द आला तर तुमची मान खाली जाऊ नये.

आम्ही मिळून एक ईमेल लिहिली. इंग्रजीतच, पण मजकूर साधा: अमुक तारखेच्या मीटिंगमध्ये जेवणाच्या आणि खेळाच्या सुट्टीसाठी मदतनीस मागितला होता. मंजुरी नाही असं तोंडी कळलं. मुलगा ज्या ज्या वेळी दाराकडे पळाला, शाळेने स्वतः नोंदवलेल्या त्या तारखा अशा. आमची मागणी नाकारत असाल तर लेखी नोटीस द्या. तीत नकाराचं कारण, त्याला आधार असलेली मूल्यमापनं आणि विचारात घेतलेले इतर पर्याय नमूद करा.

शेवटची ओळ कळीची. पालकांची मागणी नाकारताना अशी लेखी नोटीस देणं कायद्याने शाळेवर बंधनकारक आहे. ‘बजेट नाही’ हे तोंडाने म्हणणं सोपं, पण सही करून कागदावर लिहायला कोणी धजत नाही, कारण ते कारण टिकत नाही हे त्यांनाही ठाऊक असतं. प्रकरण पुढे सुनावणीपर्यंत गेलंच, तर न्यू जर्सीत २००८ पासून आपला आराखडा योग्य असल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी डिस्ट्रिक्टवर आहे, पालकांवर नाही. सगळ्या राज्यांत असं नाही. तुमच्या हक्कांची पुस्तिका शाळा दरवर्षी देते, ती बहुतेकांच्या घरी ड्रॉवरमध्ये पडून असते. ती काढून वाचा.

वडिलांना मात्र आता दिवसभर, फक्त त्याच्यासाठी असा मदतनीस हवा होता. इथे मी त्यांना अडवलं. कायदा ‘योग्य’ शिक्षण देतो, ‘सर्वांत उत्तम’ देण्याचं वचन देत नाही, आणि दोन पर्याय सारखेच योग्य असतील तर शाळा स्वस्तातला निवडू शकते. पण माझं खरं कारण वेगळं होतं. जो मुलगा वर्गात स्वतःहून हात वर करतो, त्याच्या शेजारी दिवसभर एक मोठं माणूस बसलं की तो हळूहळू त्या माणसाकडेच बघून उत्तर देऊ लागतो आणि बाकीची मुलं लांब राहतात. जिथे गरज आहे तिथे ठाम राहा, आणि जिथे तो स्वतःच्या पायावर उभा आहे तिथे त्याला मोकळं सोडा. वडिलांना हे पटायला वेळ लागला. आईला लगेच पटलं.

ईमेलनंतर शाळेने पुन्हा मीटिंग लावली. या वेळी बजेटचं नाव निघालं नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्टने दारापासून लांबचं कोपऱ्यातलं टेबल आणि आवाज रोखणारे हेडफोन सुचवले. मदतनीस मिळाला, पण दोन मुलांत मिळून एक. आईने विचारलं, दुसरं मूल उठून गेलं तर याच्याकडे कोण बघणार? त्यावर दुपारच्या ड्युटीवरच्या एका शिक्षिकेचं काम ठरलं आणि ते आयईपीमध्ये मिनिटांसकट लिहून घेतलं गेलं. तोंडी कबूल झालेली गोष्ट केस मॅनेजर बदलला की हवेत विरते, म्हणून मी पालकांना नेहमी सांगते, सेवांच्या तक्त्यात किती मिनिटं, आठवड्यातून किती वेळा आणि कोण देणार, हे दिसल्याशिवाय उठू नका.

निघताना एक फॉर्म पुढे आला. थेरपीच्या खर्चाचा काही भाग मेडिकेडकडून, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याकडून, मिळवण्यासाठी शाळा पालकांची संमती मागते, आणि मुलाला मेडिकेड नसलं तरी हा फॉर्म येतो. सरकारी मदत घेतल्यासारखं दिसेल का, म्हणून वडील व्हिसामुळे घाबरले. संमती देणं न देणं पूर्णपणे पालकांच्या हातात असतं. नाही म्हटलं तरी एक मिनिटाचीही सेवा कापता येत नाही. त्यांनी इमिग्रेशन वकिलाला विचारेपर्यंत फॉर्म कोरा ठेवला, केस मॅनेजरनी तो तसाच फाइलला लावला, आणि पुढच्या सोमवारपासून मदतनीस कामावर आला.