थीम पार्कचा वार्षिक पास घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगा सात वर्षांचा, मुलगी पावणेतीनची. मुलगा वर्षभर ‘थीम पार्कला कधी जायचं’ म्हणून मागे लागलाय. सुट्टीच्या दिवशी घरच्यांच्या तिकिटांना जेवढे पैसे पडतात, त्याच्या अडीचपट रकमेत वर्षभराचे पास मिळतात, आणि ती रक्कम क्रेडिट कार्डावर बारा ‘बिनव्याजी’ हप्त्यांत फेडता येते. तीन वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत आहे, म्हणून मुलीला तिसरं लागायच्या आत जाऊन यावं असं तुमच्या नवऱ्याचं म्हणणं. शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘तिसऱ्या फेरीलाच पास वसूल होतो, मग घ्यायला काय हरकत आहे?’

जा, जरूर जा. सात वर्षांच्या मुलाला अशा दिवसाची जी ओढ असते ती पंधराव्या वर्षी नसते, आणि त्यावर खर्च करणं ही उधळपट्टी नव्हे. पण पास घेऊ नका, हप्ते मुळीच नकोत, आणि निघा ते पाच महिन्यांनी.

आधी ‘वसूल’ या शब्दाकडे बघू. सुट्टीच्या दिवशीच्या तुमच्या तिकिटांची बेरीज १०० धरू. दोघं मोठे प्रत्येकी ३६, मुलगा २८, मुलगी मोफत. पास २५०. तीन फेऱ्यांची तिकिटं ३००, म्हणजे ५० वाचले. इथपर्यंत तुमचं गणित बरोबर आहे. पण त्यात फक्त फाटक ओलांडायचा खर्च धरलाय. प्रवास, खाणंपिणं, पार्किंग, लॉकर, ओले कपडे बदलायची सोय, बाहेर पडतानाचं खेळणं हे सगळं पास असला तरी दर फेरीला द्यावंच लागतं. तुम्ही त्याचा अंदाज ६० धरलाय आणि त्यात लॉकर, पार्किंग, खेळणी नाहीत. माझ्या अनुभवानं तो खर्चही तिकिटांच्या जवळपासच जातो, म्हणून १०० धरते. मग एकदाच गेलात तर एकूण २००, आणि पास घेऊन तीनदा गेलात तर ५५०. पन्नास वाचवण्यासाठी साडेतीनशे जास्त घालवायचे, असा हा व्यवहार आहे. तुम्हाला तीन वेळा जायचंच असतं तर गोष्ट वेगळी होती, पण पत्रात तुम्ही ‘एकदा तरी’ असं लिहिलंय.

फाटकावर किती घ्यायचं आणि आत किती, याचा विचार पार्कवाले फार बारकाईनं करतात. कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड १७ जुलै १९५५ला सुरू झालं. तिथे पुढे बरीच वर्षं राइडसाठी कुपनांची पुस्तकं चालत. कुपनांना ए, बी, सी अशी अक्षरं, सगळ्यात दांडग्या राइडला ई. १९८२मध्ये ती पद्धत बंद होऊन एकाच तिकिटावर सगळं खुलं झालं. वॉल्टर ओय या अर्थतज्ज्ञानं १९७१ साली डिस्नेलँडचंच उदाहरण घेऊन, प्रवेशशुल्क आणि आतल्या प्रत्येक राइडचे पैसे यांचा मेळ कसा घालावा यावर शोधनिबंध लिहिला, आणि अर्थशास्त्रात तो आजही शिकवला जातो. तुमच्यासाठी त्यातून एवढंच घ्यायचं की फाटकावरचा आकडा हा दिवसाच्या खर्चाचा एक भाग आहे. पासमुळे तो भाग डोळ्यांआड होतो आणि आतला खर्च तसाच चालू राहतो.

पासची दुसरी बाजू मी स्वतः भोगली आहे. मुलगी सहा वर्षांची असताना आम्ही एका पार्कचे पास घेतले होते. पहिली फेरी सुंदर झाली, दुसरी बरी. तिसऱ्यांदा गेलो ते केवळ मुदत संपत आली म्हणून, भर उन्हाळ्यात. दुपारी दोनला ती एका बाकावर माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली, आणि ‘पैसे वाया जातायत’ म्हणून मी तिला दोनदा उठवलं. ते उठवणं मला आजही बोचतं. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी १९८५मध्ये नाटकांच्या हंगामी तिकिटांवर केलेला प्रयोग माझ्या वाचनात आला तो त्यानंतर. ज्यांनी तिकिटाचे पूर्ण पैसे मोजले, ते सवलतीत तिकीट मिळालेल्यांपेक्षा हंगामाच्या पहिल्या सहामाहीत जास्त नाटकांना गेले. नाटकं सगळ्यांना तीच होती, त्यांना ओढून नेत होते ते भरलेले पैसे. दुसऱ्या सहामाहीत तो फरक उरला नाही. वर्षभराच्या पासचंही बहुतेक घरांत असंच होतं.

आता हप्ते. तुमच्या नवऱ्याची नोकरी कंत्राटी आहे आणि कराराचं नूतनीकरण चार महिन्यांवर आलंय. हाताशी राखीव पैसा आहे तो दोन महिन्यांच्या घरखर्चाइतका. तुम्ही दिलेल्या आकड्यांनुसार माझे ते १०० म्हणजे तुमच्या महिन्याच्या घरखर्चाचा पाचवा हिस्सा. म्हणजे पास आणि तीन फेऱ्या मिळून महिन्याच्या खर्चापेक्षाही जास्त रक्कम होते, तुमच्या राखीव पैशाच्या निम्म्याहून अधिक. ‘बिनव्याजी’ हप्त्यात व्याज सहसा कुठेतरी लपलेलं असतं, कधी प्रक्रिया शुल्कात, कधी रोखीनं घेतल्यास मिळाली असती अशा सवलतीत. पण माझा खरा आक्षेप तो नाही. करार वाढला नाही, तर साठवलेले पैसे तुम्ही किराण्याकडे किंवा भाड्याकडे वळवू शकता. हप्ता वळवता येत नाही. सहल होऊन गेलेली असते, आणि पुढचे सात-आठ महिने कार्डाचं बिल येत राहतं. एखादा हप्ता चुकला तर कार्डाचं नेहमीचं चढं व्याज लागायला सुरुवात होते. राखीव पैशालाही या कामासाठी हात लावू नका. तुमच्या परिस्थितीत तो दोनवरून निदान चार महिन्यांवर जायला हवा.

त्याऐवजी असं करा. महिन्याला घरखर्चाच्या १५ टक्के वाचतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे माझ्या हिशेबात ७५. त्यातले ४० दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका आणि उरलेले ३५ राखीव पैशात. पाच महिन्यांत २०० जमतात. तोवर कराराचं काय झालं तेही कळलेलं असेल.

‘पण तोवर मुलीचं तिकीट लागेल,’ हा मुद्दा रास्त आहे. तिचे २८ धरून तिकिटं १२८ होतात. मात्र तुम्ही सोबत जोडलेल्या दरपत्रकात मधल्या वारांना तिकीट २० टक्के स्वस्त आहे. १२८चे ८० टक्के म्हणजे १०२ आणि थोडं. सुट्टीच्या दिवशी मुलीला मोफत नेण्यात आणि बुधवारी तिचं तिकीट काढण्यात जवळजवळ फरकच नाही. वर रांगा निम्म्यानं कमी असतील तर तो फायदा वेगळाच. दुसरीतल्या मुलाची एक दिवस शाळा बुडाली तर माझी काही हरकत नाही. मुलगी तर तीन महिने आधी काय नि नंतर काय, बहुतेक वेळ झुकझुक गाडीत आणि पाण्याच्या उथळ टाक्यातच रमणार आहे.

पाच महिने थांबण्याचं माझ्या मते सगळ्यात मोठं कारण मात्र पैशांचं नाही. मुलाची उंची ११८ सेंटीमीटर असल्याचं तुम्ही जाता जाता लिहिलंय, आणि ज्या रोलर कोस्टरसाठी तो झुरतोय त्याला या पार्कमध्ये १२० लागतात. तासभर रांगेत उभं राहून मूल त्या उंचीच्या पट्टीखाली येतं, टाचा हळूच उचलतं, मान ताणतं, आणि तिथला माणूस त्याच्या खांद्यावर हात ठेवून हलकेच त्याला बाजूला घेतो. हे मी पाहिलंय. सुरक्षेच्या पट्ट्याचा प्रश्न असतो, तिथे गयावया करून उपयोग नसतो आणि करूही नये. या वयाची मुलं वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटीमीटर वाढतात, म्हणजे पाच महिन्यांत दोन सेंटीमीटरच्या आसपास. पूर्ण तिकीट भरून मुलाला हवी ती राइडच मिळाली नाही, तर ते तिकीट कितीही सवलतीचं असलं तरी महागच.

आतल्या खर्चाचं एकच सांगते. खेळण्याचे पैसे सकाळीच मुलाच्या स्वतःच्या पाकिटात द्या आणि ‘एवढेच’ असं घरीच सांगा. दुकानं बाहेरच्या वाटेवर असतात आणि तोवर सगळेच दमलेले असतात. त्या वेळी नाही म्हणायचं बळ तुमच्यात नसेल, ऐकायचं त्याच्यात नसेल. स्वतःच्या पाकिटातून द्यायचं म्हटलं की मुलं दहा मिनिटं उलटसुलट करून बघतात आणि पुष्कळदा न घेताच बाहेर येतात.

आज रात्री मुलाला अनवाणी दाराच्या चौकटीला उभं करा, डोक्यावर पुस्तक आडवं धरा आणि पेन्सिलीनं रेघ मारून तारीख घाला. वर १२०ची दुसरी रेघ त्यालाच मारू द्या. पैसे खात्यात टाकाल त्या दिवशी दर महिन्याला पुन्हा मोजा. पाचव्या महिन्यात तो रेघेला टेकला नसेल तर आणखी एक महिना थांबा, आणि टेकला की मगच तिकिटं काढा.