मॉटली क्रू या अमेरिकी रॉक बँडच्या 'टू फास्ट फॉर लव्ह' या अल्बममध्ये कुठे ९ गाणी दिसतात, कुठे १०. खरा अल्बम कोणता आणि कोणता घ्यावा?

दोन्ही खरेच. बँडने आधी स्वतःचं 'लेदर रेकॉर्ड्स' हे लेबल काढून नोव्हेंबर १९८१मध्ये तो बाजारात आणला. त्यात १० गाणी होती. पुढे इलेक्ट्रा या रेकॉर्ड कंपनीने बँडशी करार केला आणि क्वीन या बँडबरोबर काम केलेल्या रॉय थॉमस बेकर या निर्मात्याकडून अल्बम पुन्हा मिक्स करवून (म्हणजे वाद्यं आणि आवाज यांचा तोल नव्याने बसवून) ऑगस्ट १९८२मध्ये काढला. त्या वेळी 'स्टिक टू युअर गन्स' वगळलं, म्हणून ९ उरली. दुकानांत आणि स्ट्रीमिंगवर वर्षानुवर्षं जास्त करून हीच आवृत्ती फिरते आहे.

नुसती गाणी मोजून मात्र फसाल. १९९९च्या सीडीत 'स्टिक टू युअर गन्स' आहे, पण बोनस म्हणून, शेवटी. अल्बम तिथेही इलेक्ट्राचाच. त्यामुळे दुसरं गाणं बघा: 'लाइव्ह वायर'नंतर 'पब्लिक एनिमी नंबर वन' आलं तर क्रम लेदरचा, 'कम ऑन अँड डान्स' आलं तर इलेक्ट्राचा. शीर्षकगीताची सुरुवातही दोन्हींत वेगळी आहे. १९९९च्या सीडीत ती वेगळी सुरुवातही बोनसमध्ये दिली आहे, त्यामुळे एकाच सीडीवर तुलना करता येते.

ऐकायला मला लेदरचं मिक्स जास्त आवडतं. बँडचा गिटारवादक मिक मार्सची गिटार त्यात अंगावर येते, आणि कमी पैशांत, घाईत केलेलं काम लपत नाही. या बँडला ते शोभतं. बेकरने सगळं घासूनपुसून ठेवलं. रेडिओसाठी ते बरं, पण धार थोडी गेली. गाण्यांची बांधणी समजून घ्यायची असेल, तर इलेक्ट्राचं मिक्स पुरेसं आहे.

लेदरचं मिक्स सीडीवर हवं असेल, तर २००३चा 'म्युझिक टू क्रॅश युअर कार टू'चा पहिला संच शोधा. लेदरची जुनी एलपी घ्यायची तर सांभाळून. पहिल्या खेपेच्या कव्हरवर अक्षरं पांढरी होती, नंतरच्या खेपेत लाल झाली. पांढऱ्या अक्षरांना भाव जास्त, म्हणून नकलाही निघाल्या. कव्हरच्या फोटोवरून फोटो काढून छापलेली नकल जवळून बघितली की कळते: चामड्याच्या पँटची घडी आणि पट्ट्यावरचे बारकावे काळ्या डागासारखे एकमेकांत मिसळतात. विक्रेत्याकडून तबकडीच्या मधल्या कागदी लेबलाभोवतीच्या गुळगुळीत भागाचा तिरप्या उजेडातला फोटो मागवा आणि तिथे कोरलेले क्रमांक दुसऱ्या खात्रीच्या प्रतीशी ताडून पाहा. फोटो द्यायला टाळाटाळ केली तर तो सौदा सोडून द्या.